जामखेडचा दवाखाना

गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांना (वय वर्षं दीड) जुलाब सुरू झाले. रात्रीचे दोन वाजलेले, बायकोचा चेहरा उतरलेला, आणि मी सवयीप्रमाणे गूगल उघडून जगातले यच्चयावत भयंकर आजार वाचून बसलेलो. शेवटी डॉक्टरांना फोन लावला. झोपेतून उठलेल्या आवाजात ते शांतपणे म्हणाले, "ओआरएस देत राहा. चमच्या-चमच्यानं. लघवी होतेय ना, तेवढं बघा. सकाळी घेऊन या." झालं. एक पाकीट, एक लिटर पाणी आणि एक चमचा. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या टीव्हीचा रिमोट भिरकावायला मोकळा!

पण लिहायला बसलो ते यासाठी नाही. आई तेव्हा आमच्याकडेच होती. ती रात्रभर वाटी-चमच्याकडे बघत बसली होती. सकाळी चहा घेताना एकदम म्हणाली, "एवढंच असतं का रे ते? मीठ आणि साखर?"

मी म्हटलं, "आणखीही थोडं काही असतं, पण मुळात तेवढंच. आपली जलसंजीवनी."

मग तिनं सांगितलं. माझं आजोळ आष्टी तालुक्यात, बीड जिल्ह्यात. आई आठ वर्षांची असताना, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात, तिचा धाकटा भाऊ गेला. तोही दीड वर्षाचाच होता. दोन दिवस जुलाब झाले, टाळू खोल गेली, डोळे आत गेले. जाणती माणसं म्हणाली, पाणी देऊ नका, पाण्यानं अजून लागंल. पोटावर बिब्बा घातला. पोरगं पाण्यासाठी तळमळत होतं आणि आजीनं काळजावर दगड ठेवून त्याला पाणी दिलं नाही, कारण तिला तो वाचायला हवा होता.

"मी एकदा बोट बुडवून त्याच्या ओठाला लावलं होतं. चोरून," आई म्हणाली. "मला किती वर्षं वाटायचं, त्यानंच गेला."

मला एक मामा होता हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं. आणि आई पन्नासहून जास्त वर्षं काय उराशी धरून बसली होती, तेही.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की आधी टाइमलाइन काढायची ही आमची खोड. काय, कुठे, कधी, आणि तेव्हा कुणाला काय माहीत होतं. तर मीठ-साखर-पाण्याचं गणित १९७२ साली नवीन होतं, पण अज्ञात नव्हतं. साखर सोबत असली की आतडं मीठ शोषून घेतं आणि त्यामागोमाग पाणी शरीरात जातं, हे साठच्या दशकात प्रयोगांनी सिद्ध झालं होतं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटलं आणि असंख्य जीव वाचले. हे झालं बंगालमध्ये, माझ्या आजोळापासून कोसो दूर. म्हटलं, मामाच्या गावापर्यंत ही गोष्ट तेव्हा पोचणं शक्यच नव्हतं.

मग नकाशा बघताना एक गाव दिसलं. जामखेड. आजोळापासून पंचवीस-तीस किलोमीटर. आणि तिथे, अगदी त्याच दुष्काळात, निरक्षर बायका हेच सगळं शिकायच्या बेतात होत्या.

दोन वीकएंड मी त्या दवाखान्याचा इतिहास वाचण्यात घालवले. तोच आज सांगायचाय.

जामखेड हा नगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगरचा) आग्नेयेकडचा तालुका. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यातलं, आणि १७९५ ची लढाई झाली ते खर्डाही इथलंच. इतिहास भरपूर आणि पाऊस कमी असा हा भाग. ज्वारी पिकली तर पिकली, नाहीतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं.

इथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं आलं. रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, १९५९ ला डॉक्टर झाले, १९६० ला लग्न केलं आणि खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं एकत्रच ठरवलं. आधी काही वर्षं त्यांनी नेवासा तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम केलं. तिथे रुग्णांची रीघ असायची. हाताला यश, लोकांचा विश्वास, सगळं होतं. कुणीही म्हणेल, उत्तम चाललंय की!

पण त्यांना एक गोष्ट खटकत होती. बरं करून घरी पाठवलेलं मूल काही आठवड्यांनी त्याच आजारानं परत यायचं. जुलाब, कुपोषण, जंत, गोवर. बहुतेक आजार असे होते की ते मुळात व्हायलाच नको होते. आणि जी माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती, त्यांचा तर हिशोबच नव्हता.

आपल्यापैकी ज्यांनी प्रॉडक्शन सपोर्ट केलाय त्यांना ही कळ बरोबर कळेल. तिकीट येतं, आपण ते बंद करतो. महिन्याच्या शेवटी किती तिकिटं बंद केली याचा तक्ता होतो, पाठ थोपटली जाते. आणि तीच तिकिटं पुढच्या महिन्यात परत येतात. मूळ बग तसाच. रुग्णालयाचं यश किती रुग्ण तपासले यावर मोजलं, तर गावात आजार जितका जास्त तितकं रुग्णालय यशस्वी! मोजमापच उलटं आहे, हे या दोघांच्या वडाळ्याला लक्षात आलं.

मग ते अमेरिकेला गेले. तिथे पुढचं वैद्यकीय प्रशिक्षण घेतलं आणि शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. डॉ. कार्ल टेलर हे तिथले त्यांचे शिक्षक. खेड्यातल्या आरोग्यसेवेचा आराखडा त्यांनी तिथेच कागदावर उतरवला. आणि आपल्यातले बहुतेक जण जे करत नाहीत ते केलं: परत आले.

जागा निवडतानाही त्यांनी एक अट ठेवली होती. लोकांनी बोलवलं पाहिजे. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावलं आणि जागा दिली ती एका बंद पडलेल्या जनावरांच्या दवाखान्याची. सप्टेंबर १९७० मध्ये तिथे काम सुरू झालं.

आणि लगेच पहिला धडा मिळाला. हे निघाले होते आरोग्य द्यायला, आणि गावं म्हणत होती, आधी अन्न आणि पाणी द्या. कारण दुष्काळ सुरू झाला होता. १९७१ ते ७३. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारून बघा: खडी फोडायची कामं, लाल मिलो ज्वारी, सुकडी. आमची आई आजही सुकडी म्हटलं की गप्प होते.

तर या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवून आधी पोरांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं आणि पाण्यासाठी बोअर या मागे लागायचं ठरवलं. तरुण शेतकऱ्यांना एकत्र आणायला चक्क व्हॉलीबॉल खेळायला सुरुवात केली. खेळायला सगळ्या जातींची पोरं येतात, घामाघूम झाल्यावर बसतात, आणि मग गप्पांतून गावाचे प्रश्न निघतात. यातूनच पुढे तरुण शेतकरी मंडळं उभी राहिली आणि नंतर महिला मंडळं.

बोअरचा किस्सा तर मला फार आवडला. बोअर कुठे मारायचा हा खेड्यात निव्वळ भूगर्भशास्त्राचा प्रश्न कधीच नसतो. तो वाड्याजवळ होतो की वस्तीत, यावर सगळं ठरतं. पाणी शोधणाऱ्या तज्ज्ञाला डॉ. आरोळ्यांनी आधीच सांगून ठेवलं की जागा दलित वस्तीतच बघा. तिथे पाणी लागलं, हातपंप बसला. मग अख्ख्या गावाला घागरी घेऊन तिकडे जाणं भाग पडलं. भाषण नाही, मोर्चा नाही. नुसता एक हातपंप योग्य जागी!

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आराखड्याप्रमाणे गावोगावी प्रशिक्षित नर्सबाई ठेवायच्या होत्या. ते चाललं नाही. बाहेरून आलेली शिकलेली तरुण मुलगी एकटी खेड्यात राहणार कशी? गावाला ती आपली वाटेना, तिला गाव आपलं वाटेना. तिनं सांगितलेलं कुणी ऐकेना. मग विचार आला की बाहेरचं माणूस नेण्यापेक्षा गावातलीच बाई का नको? गावानंच निवडलेली. बहुधा लग्न झालेली, चार पोरं वाढवलेली, सासुरवास भोगलेली. बहुतेक जणी निरक्षर, कितीतरी दलित. ज्या बाईला गावात कुणी पाट मांडून बसवलं नसतं, तिलाच गावाची आरोग्य कार्यकर्ती करायचं.

पहिल्यांदा वाचताना मलाही शंका आली. अक्षरओळख नाही आणि वैद्यक शिकवणार? पण यादी काढून बघा. बाळंतपणात स्वच्छ हात, स्वच्छ पातं आणि स्वच्छ दोरा, म्हणजे बाळाला धनुर्वात होत नाही. आईचा पहिला चीक फेकायचा नाही, तो बाळाला पाजायचा. दोन जिवाच्या बाईनं कमी नाही, जास्त जेवायचं. मुलाचं वजन दर महिन्याला करायचं. लस टोचून घ्यायची. अंगावरचा बधिर चट्टा लपवायचा नाही. जुलाब झाले तर पाणी बंद करायचं नाही, उलट पाजायचं. यातलं काय वाचता येण्यावाचून अडतं? वाचता येण्यापेक्षा अवघड भाग वेगळाच आहे. सासूनं ऐकलं पाहिजे! आणि सासू कुणाचं ऐकते? डॉक्टरचं नाही, नर्सचं तर नाहीच. जिच्या हातून शेजारणीचं पोर वाचलेलं तिनं पाहिलंय, तिचं ऐकते.

आणि प्रशिक्षणाची पद्धत तर बघा. या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. गाणी, चित्रं, एकमेकींचे अनुभव. कुणाच्या गावात काय झालं, कुठलं मूल दगावलं, का दगावलं. मराठा, धनगर, दलित अशा सगळ्या जणी एकत्र जेवायच्या, शेजारी शेजारी झोपायच्या. १९७२-७३ सालच्या खेड्यात हे काय होतं, याची कल्पना पुण्यात बसून येणार नाही. आरोळ्यांचं म्हणणं असं की आधी बाईला स्वतःची किंमत कळली पाहिजे, औषधाची नावं नंतर. स्वतःला शून्य समजणारी बाई सासूला आणि सरपंचाला काय समजावणार?

आता तुम्ही म्हणाल, मग या सगळ्यात रुग्णालयाचं काम काय? मला वाटतं इथेच या दवाखान्याचं वेगळेपण आहे. आपल्याकडे रुग्णालय म्हणजे वर आणि गाव म्हणजे खाली. जामखेडला तीन पायऱ्या होत्या. गावात आरोग्य कार्यकर्ती. ठरावीक दिवसांनी गावाला जाणारं फिरतं पथक, त्यात नर्स आणि समाजकार्यकर्ते. आणि सगळ्यांच्या पाठीशी जामखेडचं छोटं, कमी खर्चातलं रुग्णालय. आपल्या भाषेत लेव्हल वन, टू, थ्री सपोर्ट! फरक एवढाच की इथे लेव्हल थ्रीवाले लेव्हल वनवाल्यांना तुच्छ लेखत नव्हते. अडलेली बाळंतीण घेऊन कार्यकर्ती रुग्णालयात आली की डॉक्टर आधी तिचं ऐकायचे. सोबतचे गाववाले हे बघायचे आणि घरी जाऊन सांगायचे की डॉक्टर आपल्या अमकीला विचारून औषध देतात बरं का. तिची पत वाढवणं हे रुग्णालयाचं एक कामच होतं, ऑपरेशनांइतकंच.

शिवाय कुष्ठरुग्णांना वेगळं न काढता इतर रुग्णांसारखंच वागवणं, जयपूर फूट तिथल्या तिथे बनवणं, अशी कामं होत गेली. पण या दवाखान्याचा खरा इतिहास भिंतींच्या आत सापडत नाही. तो न आलेल्या रुग्णांचा इतिहास आहे. आणि न आलेल्या रुग्णांचा केसपेपर निघत नाही, हीच तर अडचण आहे.

तरी आकड्यांशिवाय आपलं समाधान होत नाही, म्हणून आकडे. सुरुवातीच्या टप्प्यात कामाखाली तीसेक गावं आणि सुमारे चाळीस हजार लोक होते. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. म्हणजे जवळजवळ सहातलं एक. नव्वदच्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला.

पण थांबा. तुमच्यातले शंकेखोर (माझे सगळे मित्र तसेच आहेत) म्हणतील की स्वतःचे आकडे स्वतःच मोजलेत, आणि त्या काळात सगळ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू कमी होत होते, मग श्रेय कुणाचं? रास्त प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१० साली एक अभ्यास आला. त्यात जामखेड प्रकल्पातली गावं आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना केली होती. पहिला महिना पार केलेल्या मुलांचा पाच वर्षांच्या आत मरण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंमध्ये मात्र ठळक फरक दिसला नाही. (त्या पहिल्या महिन्याचं कोडं सोडवायला गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत उभ्या केल्या. त्यांचा १९९९ चा लॅन्सेटमधला शोधनिबंध प्रसिद्ध आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मला हे ३० टक्के १७६ पेक्षा जास्त पटले. त्यात चमत्कार नाही. आजूबाजूचं जग सुधारत असतानाही शिल्लक राहिलेला तो फरक आहे. आणि फरक नेमका कोणत्या वयात दिसतो? महिना ते पाच वर्षं. जुलाब, गोवर, कुपोषण. मामाचं वय दीड वर्ष.

जगानं जामखेडची दखल लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्य प्रयोगांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ साली अल्मा-आटा इथे 'सर्वांसाठी आरोग्य'ची घोषणा झाली, तिच्यामागे जगभरातल्या अशाच मोजक्या प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. नॅशनल जिऑग्राफिकनं डिसेंबर २००८ च्या अंकात जवळके गावच्या सरूबाई साळवे आणि त्यांच्या मैत्रिणींवर मोठा लेख छापला.

आणि मुक्ताबाई पोळ! या आरोग्य कार्यकर्त्या १९८८ साली थेट वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं ते असं: हे दिवे सुंदर आहेत पण महाग आहेत, जिथे टांगलेत तिथेच उजेड पाडतात, आमची पणती लहान, पण ती हातात धरून कुणाच्याही झोपडीत नेता येते आणि एका पणतीवर दुसरी लावता येते. डॉक्टर म्हणजे झुंबर, आम्ही म्हणजे पणत्या. आयुष्यभर प्रेझेंटेशनं करणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढ्या साध्या शब्दांत कधी काही सांगितलंय का?

तर मग आईचा प्रश्न. हा सगळा इतिहास मी तिला सांगितला, तेव्हा तिनं नेमकं तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "मग आमच्या गावात का नाही आलं कुणी?"

याचं सोपं उत्तर असं की मामा गेला तेव्हा जामखेडला जेमतेम सुरुवात झाली होती. तालुका वेगळा, जिल्हा वेगळा. दोन डॉक्टर कुठे कुठे पुरणार? पण हे अर्धंच उत्तर आहे. कारण दोन डॉक्टर पुरणार नाहीत, हेच तर त्या दोघांनी आधी ओळखलं होतं. मग बाकीच्या देशानं ते उचललं का नाही?

उचललं. किंवा, त्याचा सांगाडा उचलला. केंद्र सरकारनं २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांची योजना सुरू केली. हजार लोकसंख्येमागे एक माणूस, तीन महिने प्रशिक्षण, महिन्याला पन्नास रुपये मानधन. कागदावर अगदी जामखेडसारखं. पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि निवडीत गावच्या पुढाऱ्यांचा हात. आई-बाळाचं दुखणं घेऊन बाई पुरुषाकडे कशी जाणार? आणि तीन महिन्यांनी प्रशिक्षण संपलं की संपलं. पाठीशी 'आधी तुझं ऐकतो' म्हणणारं रुग्णालय नाही, दर आठवड्याला 'काय चुकलं' म्हणून एकत्र बसणं नाही. योजना हळूहळू विरून गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आल्या. त्या गावातल्याच स्त्रिया, ही मोठी दुरुस्ती होती, आणि त्यांनी किती काम केलंय हे कोविडमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं. पण त्यांच्याकडे व्यवस्था अजूनही वरून खाली बघते. रजिस्टरं भरा, टार्गेट पुरं करा, कामाप्रमाणे मोबदला घ्या.

आमच्या धंद्यात दर दुसरा माणूस विचारतो, 'पण हे स्केल होतं का?' मीही विचारायचो. जामखेड वाचल्यावर वाटतं की प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारतोय. मीठ-साखरेचं प्रमाण स्केल होतं, त्याचं पाकीट करून दुकानात ठेवता येतं. वर्षानुवर्षं दर आठवड्याला एका बाईसोबत बसून तिला 'तू शहाणी आहेस' हे पटवणं स्केल होत नाही. त्याला वेळ लागतो. आणि कुठलंही सरकार, कुठलीही कंपनी नक्कल करताना तेवढा वेळच आधी कापते, कारण तक्त्यात तो निव्वळ खर्च दिसतो.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्यांच्या मुलांनी, शोभा आणि रवी आरोळे यांनी काम पुढे नेलं. २०२०-२१ मध्ये याच रुग्णालयात कोविडच्या रुग्णांवर मोफत उपचार झाले. जनावरांच्या बंद दवाखान्यात सुरू झालेलं हे काम बघायला-शिकायला देशोदेशीची माणसं येऊन गेली आहेत.

गेल्या रविवारी आजोळी एक लग्न होतं. पुण्याहून नगर, कडा, आष्टी. लग्न उरकल्यावर आई म्हणाली, "जामखेड दाखव." गेलो. ती फार काही बोलली नाही. आवाराशी एक तरुण बाई तान्हं पोर मांडीवर घेऊन बसली होती, तिच्याजवळ जाऊन बसली. मी लांबून बघत होतो. पोराच्या टाळूवर तिनं हलकेच हात ठेवला, काहीतरी विचारलं, दोघी हसल्या.

परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होती. नगरच्या अलीकडे म्हणाली, "डॉक्टर नसता आला तरी चाललं असतं रे. सांगणारं कुणीतरी हवं होतं. मायला कुणी सांगितलं असतं ना, तर तिनं विहीर पाजली असती त्याला."

मग थोड्या वेळानं: "माझ्या बोटानं नाही ना गेला तो?"

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "नाही गं आई. अख्ख्या घरात त्याच्यावर बरोबर उपचार फक्त तूच केलास."

असो. जाता जाता एक काम करा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. साखर-मीठ याहून जास्त नको. मूल सुस्त पडलं, काही पिईना, किंवा लघवी बंद झाली तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा. तुम्हाला हे माहीत असेलच. पण तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोला, समोरच्या साइटवर विटा उचलणाऱ्या बाईला माहीत आहे का, तेवढं विचारा. आमच्या आईनं परवापासून विचारायला सुरुवात केली आहे. आमच्या बिल्डिंगमधले तीन मजले झाले आहेत.